जागा धरून ठेवणाऱ्या मंगलाताई

मंगलाताईंची आणि माझी पहिली ओळख एका किल्लीवरून झाली. सुरतेत, उधन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणपती मंडळाची पत्र्याची शेड होती. वर्षातले दहा दिवस तिथं गणपती बसायचा, बाकी वर्षभर कुलूप. किल्ली माझ्याकडे. नव्वद-एक्याण्णव साल असेल. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी दारात बसून दाढी करत होतो. एक सडपातळ पोरगी समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "नाना, शेडची किल्ली द्या."

मी म्हटलं, "कशाला?"

"पोरं शिकवायचीत."

"पोरं शाळेत जातात की."

"जातात, आणि नाव कापून घेऊन परत येतात."

"मग तू शिकवून काय होणार? एखादा कलेक्टर निघणार आहे का त्यातून?"

"कलेक्टर नको, नाना. पाचवीतला सहावीत गेला तरी पुष्कळ झालं."

मी किल्ली दिली नाही. मंडळाचं सामान असतं आत, उद्या काही हरवलं तर लोक मला धरणार. दुसऱ्या दिवशी ताई परत आल्या, तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी किल्ली मागितलीच नाही. दहा-बारा पोरं गोळा केली आणि बंद शेडच्या पायरीवर, उन्हात, पाटी घेऊन बसवली. माझी बायको कमल पाण्याला गेली होती, ती रिकामी कळशी घेऊन परत आली. म्हणाली, "आत सावली कुलपात ठेवलीये आणि पोरं बाहेर भाजताहेत. जरा तरी लाज धरा." मग दिली किल्ली. यात माझा काही मोठेपणा नाही, आधीच सांगून ठेवतो.

ताईंच्या या गौरव अंकाच्या मंडळींनी सांगितलं, नाना, आदरार्थी लिहा. ते ठीक आहे, ताईंचा मान तेवढा आहेच. पण तेव्हा मी त्यांना 'तू'च म्हणायचो. बोलणं जसं झालं तसंच लिहितो. माझं शिक्षण चौथी. जड शब्द मला येत नाहीत आणि येत असते तरी वापरले नसते.

ताईंचं घराणं खानदेशात पारोळ्याकडचं. वडील उत्तमराव आमच्याच कारखान्यात माग चालवायचे. मी तिथं मास्तर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती, शेठसमोर हिंदी, असं आमच्या सगळ्यांचंच होतं. आई घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. एक खोली, त्यात पाच माणसं आणि साड्यांचे गठ्ठे. त्या गठ्ठ्यावर पाठ टेकून ताईंनी अभ्यास केला. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे सगळं गुजरातीत, आणि तसंच करत बी.ए. आमच्या गल्लीतलं पहिलं माणूस पदवी घेतलेलं.

निकाल लागला त्या दिवशी उत्तमराव पेढे घेऊन कारखान्यात आले. मागांच्या आवाजात माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, "मास्तर, मन्ही पोर बी.ए. व्हई गई."

मी ओरडलो, "म्हणजे आता काय होईल?"

ते म्हणाले, "ते मालूम नई. पण व्हई गई."

काय होणार ते महिन्याभरात दिसायला लागलं. शहरात पर्वत पाटिया भागात एका साडीच्या व्यापाऱ्याला मराठी, गुजराती, हिंदी लिहिता येणारं माणूस पाहिजे होतं. खुर्ची, टेबल, डोक्यावर पंखा. ताईंनी नाही म्हटलं. उत्तमराव माझ्याकडे आले. दोन हात कपाळाला लावून बसले. "काय करू नाना, पोर ऐकतच नई. तुम्ही समजावा."

मी समजवायला गेलो. समजवायला म्हणजे झापायला. शेडमध्ये ताई फळा पुसत होत्या. मी म्हटलं, "बापानं आयुष्यभर कानाचे पडदे फाडून घेतले ते तू इथं फळा पुसावा म्हणून?"

त्या म्हणाल्या, "नाना, वसंताला बॉबिनवर कोणी घेतलं होतं?"

वसंता त्यांचा मोठा भाऊ. आमच्याच कारखान्यात माग चालवायचा. दिवसभरात चार शब्द बोलला तर बोलला. त्याला अकराव्या वर्षी बॉबिन भरायला घेतलं होतं ते मीच. तेव्हा तसं चालायचं.

मी म्हटलं, "मी घेतलं. मग?"

मग त्यांनी सांगितलं. खानदेशातली आमची माणसं आखाजीला गावी जातात. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमची दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. मग लग्नं लागतात, मग पावसाची वाट बघत पेरणीपर्यंत राहतात. परत येईपर्यंत शाळा सुरू होऊन बरेच दिवस झालेले असतात. त्या वर्षी दोघा भावंडांची नावं कापली होती. उत्तमरावांनी हातापाया पडून पाहिलं. शाळेत एकच जागा उरली होती. वसंता मोठा, कामाला लावता येण्यासारखा. ताई लहान, कामाच्या नाहीत. म्हणून जागा ताईंना मिळाली आणि वसंता माझ्याकडे आला.

"माझं बी.ए. त्याच्या जागेवर बसून झालंय, नाना," ताई म्हणाल्या. "आता त्या जागेवर बसून मी साडीवाल्याची पत्रं लिहू?"

मी घरी आलो. उत्तमरावांना म्हटलं, तुमची पोर तुमच्यावर गेलीये, मला नाही जमत. ताई पुढे कुठे कुठे गेल्या, मोठ्या लोकांसमोर बोलल्या. त्यांना विचारतात म्हणे, तुम्ही या कामात कशा आलात. त्या काय उत्तर देतात मला माहीत नाही. मला दिलेलं उत्तर हे असं आहे.

शेड सुरू झाली तशी पोरं वाढली. सकाळी ताई शिकवायच्या, दुपारी तीच पोरं महापालिकेच्या मराठी शाळेत जायची. पण आखाजी आली की अर्धी शेड रिकामी. गेली ती जूनमध्ये येईनात, जुलैत येईनात. बाहेरून कोणी साहेब, बाया बघायला आल्या की म्हणायच्या, "ह्या लोकांना गावाचं फार वेड, मुलांचं नुकसान कळत नाही." ताईंनी आईबापांना कधी हे म्हटलं नाही. एका साहेबांना उलट विचारलं, "तुम्ही मे महिन्यात कुठे जाता, साहेब?" साहेब म्हणाले, "आमच्या मामाच्या गावी, आंबे असतात ना." ताई म्हणाल्या, "आमच्याकडे आंबे कमी असतात. बाकी तेच."

एकदा संध्याकाळी पायरीवर बसलो होतो. ताई रिकाम्या शेडकडे बघत म्हणाल्या, "नाना, कारखान्यातलेही सगळे गावी जातात. त्यांची जागा कशी जात नाही?"

मी म्हटलं, "कशी जाईल? बदली ठेवून जातात." जाणारा माणूस आपल्या ओळखीचा एक जण मागावर उभा करून जातो. माग चालू राहिला पाहिजे. रिकामा माग दिसला की शेठ दुसऱ्याला देतो. बदली तुमच्या जागेवर राबतो, तुम्ही आलात की बाजूला होतो. लेखी काही नाही. पण बदलीनं जागा बळकावली असं झालं तर त्याला गल्लीत कोणी पाणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी ताई पोरांना म्हणाल्या, जो गावी जाईल त्यानं आपला बदली नेमून जायचं. बदलीनं दोन वह्या लिहायच्या, एक स्वतःची, एक गेलेल्याची. गेलेला आला की आठ दिवस त्याच्या शेजारी बसून त्याला सगळं शिकवायचं. पोरांना समजावून सांगावं लागलं नाही. बदली म्हणजे काय हे त्यांनी दूध पिताना ऐकलेलं. बदली कोण यावरून मारामाऱ्या मात्र झाल्या, कारण ज्याचं अक्षर चांगलं त्याला मागणी. लता नावाची एक पोरगी होती, तिच्याकडे एका वेळी तीन वह्या. तिची आई मला म्हणाली, "नाना, ही घरी भांडी घासत नाही. म्हणते, माझ्यावर तीन जणांचा भार आहे."

आता जी चूक सांगतो ती माझी आहे. आजवर गल्लीबाहेर गेली नव्हती, जाऊ दे आता.

कारखान्यात हजेरीला नाव कायमवाल्याचं पुकारतात. बदली म्हणतो, हाजर. त्यात कोणाला खोटं वाटत नाही. नाव मागाचं असतं, माणूस कोणी का असेना. एक दिवस ताई बाहेर गेल्या होत्या आणि पोरं शेडमध्ये बसली होती. मी त्यांना शहाणपणा शिकवला. म्हटलं, "नुसत्या वह्या लिहून जागा राहत नाही. शाळेत त्याचं नाव पुकारलं की बदलीनं हजर म्हणायचं. नाहीतर नाव कापतील, मग वही घेऊन काय चाटायची?"

पोरं माझं ऐकायची. शाळेतल्या गुरुजींसमोर एवढाली गर्दी, ते मान खाली घालून नावं वाचायचे. दीड-दोन महिने सगळं सुरळीत चाललं. एक दिवस तपासणीला साहेब आले. हजेरीत चोपन्न, बाकांवर तेहतीस.

ताईंना बोलावणं आलं. मीही मागोमाग गेलो. हेडमास्तर लाल झाले होते. म्हणाले, "बाई, शिकवता म्हणजे हेच शिकवता? लहान पोरांना खोटं बोलायला? ही एकवीस नावं आत्ता कापतो, आणि तुमच्या शेडमधलं एक पोर इथं पुन्हा घेत नाही."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी दारात उभा होतो. चालू मागांच्या आवाजावर आवाज चढवून हुकूम सोडणारा माणूस मी, माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. ताई वळल्या आणि म्हणाल्या, "पोरं माझ्या वर्गातली आहेत, म्हणजे चूक माझी. हजेरी खोटी आहे, ती कापा. पण वह्या खोट्या नाहीत. त्या बघा आणि मग ठरवा."

तपासणीचे साहेब गुजराती होते, म्हातारे. त्यांनी लताला जवळ बोलावलं आणि एक वही उचलली.

"आ कोनी नोट छे?" ही वही कोणाची?

"सुरेशनी."

"अने सुरेश क्यां छे?"

"गाम गयो छे. हुं एनी बदली." गावी गेलाय, मी त्याची बदली.

साहेबांनी दुसरी वही उघडली, ती लताची स्वतःची. दोन्ही शेजारी ठेवल्या. म्हणाले, "तारी नोट करतां एनी नोट सारी छे." तुझ्या वहीपेक्षा त्याची चांगली कशी?

लता म्हणाली, "मारी तो मारी छे, साहेब. एनी बगडे तो ए लडे." माझी काय माझीच आहे. त्याची बिघडली तर तो भांडेल.

साहेब हसले नाहीत. बराच वेळ वह्या चाळत बसले. मग म्हणाले, गैरहजर तो गैरहजरच लिहायचा. पण नावं आत्ता कापायची नाहीत. प्रत्येक पोर परत आल्यावर ह्या वहीवरून त्याची परीक्षा घ्यायची. पास झाला तर राहील, नाही झाला तर जाईल. त्यात माफी नाही.

एकवीस पोरं होती. अठरा राहिली, तिघांची नावं कापली. त्या तिघांत माझा नातू दिलीप होता, तोही आखाजीला गावी गेलेला. ताई स्वतः घरी सांगायला आल्या. मी चिडलो होतो. म्हटलं, "साहेबांना एक शब्द टाकला असतास तर?"

त्या म्हणाल्या, "टाकला असता तर लोक म्हणाले असते, किल्लीवाल्याचा नातू म्हणून राहिला. आणि मग उरलेल्या अठरांच्या वह्यांना कोणी वह्या म्हटलं नसतं."

त्या निघाल्या तेव्हा मी दारापर्यंत गेलो. विचारलं, "त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुम्ही घ्याल म्हणून वाट बघितली," ताई म्हणाल्या. एवढंच. नंतर आजपर्यंत त्यांनी तो विषय काढलेला नाही. दिलीपला मात्र वर्षभर शेडमध्ये आपल्या शेजारी बसवून पुढच्या साली पुन्हा शाळेत घातला. तो आज भेस्तानला स्वतःचं दुकान चालवतो आणि बिल स्वतः लिहितो.

माणुसकीची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या वर्षी सुरतेत प्लेगच्या साथीची आवई उठली त्या वर्षी आमची गल्ली दोन दिवसांत रिकामी झाली. लोक मिळेल त्या गाडीला लटकून गावाकडे पळाले. नेमका कमलला ताप भरला. शेजाऱ्यांनी आमच्या दाराकडे बघायचं सोडलं. मी तिच्या उशाशी बसून होतो आणि खरं सांगतो, मलाही भीती वाटत होती. उत्तमराव बायकोपोरांना घेऊन गेले होते. ताई राहिल्या होत्या. तोंडाला ओढणी बांधून आल्या, कमलच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नाना, रडायचं नंतर. आधी उठा, हातगाडी बघा." रिक्षा मिळत नव्हती. कापडाच्या गठ्ठ्यांची हातगाडी होती, त्यावर गादी टाकून कमलला झोपवलं. पुढून मी ओढत होतो, मागून ताई ढकलत होत्या. मलेरिया निघाला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ताई कमलला म्हणाल्या, "काकू, एवढ्याशा तापासाठी आम्हाला घोडे केलंत." कमल पुढे मरेपर्यंत हे सगळ्यांना सांगायची.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिच्याकडे यायचं मी टाळत होतो.

दोन-तीन वर्षांनी एक परदेशी बाई शेड बघायला आल्या. तपासणीच्या साहेबांनी कुठेतरी बदलीच्या वह्यांबद्दल सांगितलं होतं, ते फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेलं. बाई जमिनीवर पोरांत बसल्या, दोन दिवस नुसत्या वह्या बघत होत्या. काही महिन्यांनी ताईंना पत्र आलं. एक वर्ष बाहेरच्या देशात जायचं, आधी थोडं शिकायचं. मग तिथल्या चहाच्या मळ्यांवर काम. तिथले मजूरही आमच्यासारखेच, हंगाम संपला की पोरं घेऊन दुसरीकडे जाणारे. त्यांच्यासाठी हीच रीत बसवून द्यायची.

ताई पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. ओट्यावर बसल्या. "नाना, काय करू?"

मी म्हटलं, "तुझ्या मनात काय आहे?"

"जावंसं वाटतं. आणि शेडकडे बघितलं की नको वाटतं. मी गेले आणि वर्ग मोडला, तर पन्नास पोरांची नावं माझ्यामुळे कापली जातील. मग बाहेर जाऊन कोणाला काय शिकवू?"

मला म्हणायचं होतं, नको जाऊस. अगदी ओठावर होतं. कमल आतून ऐकत होती, तीही हेच म्हणणार हे मला माहीत होतं. पण मी म्हटलं, "दुनियेला शिकवलंस, बदली ठेवा म्हणून. आता स्वतःची वेळ आली तर ओट्यावर बसून रडतेस? ठेव बदली आणि जा."

"कोण बसेल माझ्या जागेवर?"

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं. उत्तमराव म्हणाले, पोरीच्या लग्नाचं बघायचं सोडून हे काय. एक जण म्हणाला, शिकलेला मास्तर आणा. दुसरा म्हणाला, शिकलेला मास्तर पत्र्याखाली बसेल का? अर्धा तास नुसता गोंधळ. मग मागून आवाज आला, "मी बसस तिन्ही जागावर."

वसंता होता. मी बसतो तिच्या जागेवर, एवढंच बोलला आणि खाली बघायला लागला.

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "हा पाचवी नापास, हा काय शिकवणार?"

ताई उठून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला तेवढाच ऐकला. "नापास नाही. पाचवीतून नाव कापलेला. ज्याला फरक कळत नसेल त्यानं आपली पोरं उद्यापासून पाठवू नयेत."

कोणी परत हसलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरं सगळी आली.

पुढचे चार महिने ताईंनी वसंताला शिकवलं. त्यानं रात्रपाळी मागून घेतली, सकाळी कामावरून थेट शेडमध्ये. डोळ्यांत कापसाचे तंतू, केसांत तंतू, आणि पोरांच्या मागं शेवटच्या रांगेत बसून अपूर्णांक सोडवायचा. पोरं त्याला उत्तरं दाखवायची. लतानं तर त्याला एकदा कान धरायला लावलं.

ताई गेल्या ती गाडी सकाळची होती. स्टेशनवर गल्ली लोटली होती. हार घालायला आणले होते, ते मी कोणाला तरी परत न्यायला लावले, ताई कायमच्या थोड्याच चालल्या होत्या. वसंता आला नव्हता. वर्गाची वेळ होती. ताईंनी कोणाला विचारलंही नाही, वसंता कुठाय म्हणून. गाडी हलली तेव्हा त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाना, वर्षभराचं तर आहे." मी म्हटलं, "आत हो, पडशील."

वर्षाची दोन झाली. चहाच्या मळ्यांचं काम बसलं. मग आफ्रिकेत बोलावलं, जिथं माणसं गुरं घेऊन गवतामागे हिंडतात आणि पोरं त्यांच्यामागे. तिथून पत्र आलं होतं. ताईंनी लिहिलं होतं, "नाना, इथल्या पोरांना मी दुसरा शब्द शोधून देत होते, पण त्यांनी बदलीच उचलला. परवा एक मुलगी दुसरीला म्हणाली, तू माझी बदली हो, मी बैलांबरोबर जाते." मी ते पत्र कारखान्यात वाचून दाखवलं. माझ्या वाचण्याला वेळ लागतो, पण कोणी मध्ये बोललं नाही.

कारखान्याचा एक अलिखित नियम आहे. कायमवाला वर्षभर आला नाही तर जागा बदलीची. मी वसंताला म्हटलं, "आता तू कायम. बोर्डावर तुझं नाव घालू." तो म्हणाला, "नाही नाना, मी बदली." मधल्या काळात तो दहावी झाला, सदतिसाव्या वर्षी, आपल्याच विद्यार्थ्यांच्या शेजारच्या बाकावर बसून. शेडच्या जागी आता दोन पक्क्या खोल्या आहेत. वसंताचे केस पांढरे झाले. अजून नवीन माणसानं विचारलं, तुम्ही इथले मुख्य का, की तो म्हणतो, मुख्य बाहेरगावी गेल्यात.

ताई दोन-तीन वर्षांतून एकदा येतात. चार दिवस, फार तर पाच. वर्गात जाऊन पोरांत बसतात, उत्तमरावांच्या फोटोसमोर बसतात, मग माझ्या ओट्यावर. कमल होती तोवर दर आखाजीला त्यांच्या नावाची एक पुरणपोळी बाजूला काढून ठेवायची, खापरावरची, मोठी. मी म्हणायचो, ती काय विमानानं येऊन खाणार आहे का? ती म्हणायची, लेकीचा सण आहे, तुम्हाला काय कळतं. पोळी वाळून कडक व्हायची, मग गाईला घालायची. कमल गेली त्या दिवशी ताईंचा फोन आला. खूप लांबून येणारा नुसता आवाज असतो ना फोनमध्ये, तो दोघं ऐकत बसलो.

आता कमल नाही, आणि आखाजीला पोळी बाजूला काढायला मला जमत नाही. पण त्या दिवशी मी ओटा सोडून कुठे जात नाही. कोणी विचारलं तर सांगतो, पाय दुखतात.

दर वेळी जायच्या आदल्या दिवशी ताई एक प्रश्न विचारतात. "नाना, आता थांबू का? तुम्ही म्हणाल तर थांबते." आणि मी दर वेळी काहीतरी फटकून बोलतो. इथं तुझ्यावाचून काय अडलंय. तिकडं कोणी वाट बघत असेल. एकदा तर म्हटलं, थांबून काय करणार, तुझी खाट कुठे टाकू. त्या हसतात आणि बॅग भरतात. मला माहीत आहे की मी एकदा हो म्हटलं तर त्या खरंच राहतील. मग त्या बैलांमागच्या पोरीच्या वहीचं काय?

ताई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना खूप आयुष्य मिळो. गुडघे धड राहोत, कारण त्यांना जमिनीवर बसायची सवय आहे. डोळे धड राहोत, कारण त्यांना पोरांचं बारीक अक्षर वाचायचं असतं. जिथं असतील तिथं पोटाला वेळेवर मिळो आणि कोणीतरी त्यांना घरच्या बोलीत हाक मारणारं भेटो. वसंतालाही तेवढंच आयुष्य मिळो, हे मी वेगळं लिहितो, कारण त्याच्यावर अंक निघणार नाही.

या समारंभाला ताई येणार आहेत असं कळलं. म्हणजे जायच्या आदल्या दिवशी माझ्या ओट्यावरही येतील. म्हणून इथंच छापून सांगतो. मंगलाताई, या वेळी मला तो प्रश्न विचारू नका. मी ऐंशी ओलांडली आहे, पूर्वीसारखं फटकन बोलता येत नाही, आणि या वेळी माझ्या तोंडून हो निघेल.